एका दिवसात वेरूळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वेरूळच्या लेण्यांसमोर गाड्या उभ्या करतात, तिथे सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट हमखास नजरेस पडते. बऱ्याच गाड्यांमध्ये एखादे वयस्क माणूस बसून असते. दार उघडे, पाय बाहेर सोडलेले, हातात पाण्याची बाटली. घरातली बाकीची मंडळी आत गेलेली असतात. चौकशी केली तर उत्तर साधारण एकच. सकाळी देवगिरीचा किल्ला झाला, मग खुलताबाद झाले, घृष्णेश्वराच्या रांगेत तासभर उभे राहणे झाले, आता पाय चालत नाहीत. ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आले ते कैलास लेणे तिथून काही मिनिटांच्या अंतरावर असते, वाटही फारशी चढाची नसते, आणि तरी ते पाहायचे राहून जाते. यात दोष गुडघ्यांचा कमी आणि दिवसाच्या आखणीचा जास्त.

म्हणून आज वेरूळच्या इतिहासापेक्षा वेरूळच्या दिवसाबद्दल बोलायचे आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, इथे मुक्काम आहे, हाताशी एकच दिवस आहे आणि वेरूळ पाहायचे आहे. हा दिवस कसा घालवावा?

आधी तो सहसा कसा घालवला जातो ते पाहू. शहरातल्या कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, तो एका दमात यादी सांगतो : दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, परतताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. सहा ठिकाणे, एक दिवस, एक भाडे. ऐकायला फार किफायतशीर वाटते. आता बेरीज करू. शहरातून आठ-साडेआठला निघालेले कुटुंब नऊला किल्ल्यापाशी पोचते. देवगिरीचा किल्ला वरच्या बारादरीपर्यंत चढून उतरायचा म्हणजे अडीच ते तीन तास. शेकडो पायऱ्या, मध्ये तो अंधारी मार्ग, आणि वर ऊन. बारा वाजता खाली आलेली माणसे दमलेली आणि भुकेली असतात. खुलताबादला अर्धा तास, घृष्णेश्वराची रांग, जेवण, असे करत लेण्यांच्या दारात पोचायला तीन वाजतात. साडेचारला गाडीवाला घड्याळ दाखवू लागतो, कारण मकबरा व्हायचा असतो. चौतीस लेण्यांच्या वाट्याला दीड तास येतो.

देवगिरीबद्दल माझा काही आकस नाही. उलट यादवांची ही राजधानी, १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून जिथे आपली राजधानी हलवली तो हा किल्ला, इतका अस्सल आहे की त्याला स्वतंत्र दिवस द्यायला हवा. तो नसेल तर जाता-येता रस्त्यावरून त्याचा तासलेला कडा बघावा आणि पुढच्या खेपेचा संकल्प करावा. त्याला तोंडी लावण्यासारखा वापरू नये, एवढेच.

काही उत्साही मंडळी अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात करण्याचे मनसुबे रचतात. वेरूळ शहराच्या वायव्येला सुमारे ३० किलोमीटरवर, अजिंठा ईशान्येला जळगावच्या रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर. दोन्हींची नावे आपण एका श्वासात घेतो, १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही एकदमच गेली, म्हणून ती शेजारी-शेजारी असतील असा समज होतो. त्या दिवशी आपण दोन रस्ते बघाल, लेणी नव्हे.

आता वार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे साधे वाक्य पाठ नसल्यामुळे किती लोकांचे दिवस फुकट गेले असतील याची गणती नाही. घृष्णेश्वराचे देऊळ मंगळवारीही उघडे असते, त्यामुळे आदल्या दिवशी कुणाला नुसते "वेरूळ उद्या चालू आहे का?" असे विचारले तर "हो" असेच उत्तर येते. विचारायचे ते लेण्यांचे नाव घेऊन. रविवारी गर्दी असते. सोमवारी, विशेषतः श्रावणात, घृष्णेश्वराला येणाऱ्या भाविकांमुळे सगळा रस्ता भरलेला असतो. महाशिवरात्रीला लेणी बघायला जाणे म्हणजे दर्शनाला आलेल्यांची आणि आपली दोघांचीही अडचण. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन वार उत्तम. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारी धबधबा कोसळतो, तेव्हाचे वेरूळ वेगळेच. फक्त पायाखालचा दगड निसरडा असतो. एप्रिल-मे टाळावा. काळा दगड तापला की चटका पायांना बसतोच, शिवाय भिंतीही धग टाकू लागतात.

वार ठरला की दिशा बघायची. कुठल्याही प्रवासी पुस्तिकेत लेण्यांची लांबी-रुंदी सापडते, पण दिवसाच्या आखणीसाठी त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला कोरलेली आहेत. त्यांची तोंडे मावळतीकडे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो, त्यामुळे लेण्यांच्या दर्शनी भागावर सावली असते. दुपार कलली की ऊन तोंडावर येते, आणि संध्याकाळकडे ते तिरपे होऊन खोल आत शिरते. सकाळच्या सावलीत जी मूर्ती सपाट वाटते, तिचे डोळे, ओठ, बोटे चार वाजता उठून दिसू लागतात. म्हणजे लेण्यांचा उत्तम वेळ नेमका तो, जेव्हा आपली माणसे दमून गाडीत बसलेली असतात किंवा गाडीवाला घड्याळ दाखवत असतो.

तेव्हा माझा हिशेब असा. सकाळचा गारवा चालण्यासाठी आणि पायऱ्यांसाठी वापरायचा, भर दुपार विश्रांतीसाठी, आणि तीन ते साडेपाच हा वेळ कैलासासाठी राखून ठेवायचा. लेणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली असतात. कैलास सकाळी निवांत असतो, गर्दी नसते, हे खरे आहे. कुणाला शांतता जास्त प्रिय असेल तर त्याने सकाळी जावे. पण प्रकाश आणि शांतता यांत निवड करायची तर मी प्रकाशाकडे झुकेन.

शहरातून साडेसहा-सातला निघावे. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणाऱ्या एसटी गाड्या वेरूळवरून जातात, त्यांतली कुठलीही चालते. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर तासाभरात पोचता येते. मुंबई-पुण्याकडून रात्रीच्या प्रवासाने पहाटे शहरात उतरणाऱ्यांनी मात्र तसेच थेट वेरूळ गाठू नये. कुठेतरी खोली घेऊन आंघोळ, तासभर झोप, नाश्ता करावा. झोप न झालेल्या डोळ्यांना दुसरे लेणे पहिल्यासारखेच दिसते आणि तिसऱ्यानंतर काहीच दिसत नाही.

लेण्यांच्या दारातून आत शिरलात की समोरच कैलास आहे, क्रमांक १६. बहुतेक माणसे लोहचुंबकासारखी तिकडे ओढली जातात. तिथे पाऊण तास जातो, मग उरलेली लेणी त्यापुढे फिकी वाटतात आणि दोन-चार बघून माणसे परत फिरतात. तेव्हा मनाला थोडे आवरायचे आणि उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळायचे. लेण्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे लावलेले आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंतचे हे काम. सगळी चौतीस बघायचा अट्टहास नको. बौद्ध लेण्यांतली दोन नीट बघितली तरी पुष्कळ झाले.

त्यांतले पहिले क्रमांक १०. लोक त्याला सुताराची झोपडी किंवा विश्वकर्मा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. आत स्तूप, स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती, आणि वर कमानदार छत. त्या छताकडे मान वर करून बघा. एकामागून एक दगडी फासळ्या आहेत, लाकडी घराच्या वाशांसारख्या. दगडाच्या पोटात कोरलेल्या छताला वाशांची काय गरज? डोंगर काही कोसळणार नव्हता. पण हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडी चैत्यगृहांची परंपरा सांगत आले होते, तिचे रूप त्यांनी दगडात जपले. ही गोष्ट ध्यानात ठेवून दुपारी कैलासात जायचे आहे. वेरूळला दगडात खोदलेली वास्तू बांधलेल्या वास्तूचे रूप घेते, आणि ते कसे हे समजायला दहावे लेणे ही पहिली इयत्ता आहे.

दुसरे क्रमांक १२, तीन ताल. बाहेरून बघितले तर एखादी सरकारी कचेरी वाटावी इतके साधे : तीन मजले, चौकोनी खांब, नक्षीचे नाव नाही. पायऱ्या चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलात की मागच्या भिंतीशी दोन बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसलेले दिसतात आणि माणूस आपोआप हळू आवाजात बोलू लागतो. पायऱ्या उंच आहेत, आत अंधार आहे, वटवाघळांचा वासही असतो. हातात छोटी बॅटरी हवीच. शेजारच्या ११ क्रमांकाच्या लेण्याला दोन ताल म्हणतात, पण त्यालाही तीनच मजले आहेत. खालचा मजला गाळाखाली बुजला होता, तो १८७६ साली सापडला. नाव मात्र तेच राहिले.

पंधरा क्रमांकाचे दशावतार लेणे चढावर आहे. पायांत बळ असेल त्यांनी ते जरूर चढावे. तिथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा कोरीव लेख आहे आणि नरसिंहाने हिरण्यकशिपूला धरल्याचे जे शिल्प आहे, त्यातली ताकद खाली उतरल्यावरही मनातून जात नाही. ज्यांना चढवत नाही त्यांनी खाली झाडाखाली बसावे. त्यांची ताकद दुपारसाठी शिल्लक ठेवायची आहे.

एव्हाना अकरा वाजतात. आता एक निवड येते. जैन लेणी उत्तरेला बरीच दूर, किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर आहेत. आवारात ने-आण करणाऱ्या बसची सोय असते, तिकीट घेतानाच तिची चौकशी करावी, उन्हात पायी जाऊ नये. ३२ क्रमांकाची इंद्रसभा या सगळ्या डोंगरातले सर्वांत नाजूक काम आहे, असे माझे मत. अंगणातला सुटा हत्ती, वरच्या मजल्यावरचे खांब, छतावरचे कमळ, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. आणि बाहुबली, ज्याच्या अंगावर वेली चढल्या आहेत तरी ज्याचे ध्यान मोडलेले नाही. जवळचेच ३० क्रमांकाचे छोटा कैलास अर्धवट राहिलेले आहे. पूर्ण झालेल्या कामात जे कळत नाही ते अशा अपुऱ्या कामात कळते. इथे छिन्नीचे घाव बघून ठेवा.

जेवायला एक-दीडला बाहेर यावे. समोरच्या रस्त्यावर खाणावळी आहेत. साधी पोळी-भाजी, झुणका-भाकरी मिळते. जेवल्यावर तासभर सावलीत काहीही न करणे हा या आखणीतला महत्त्वाचा भाग आहे. हे आमच्या प्रवासी मंडळींना सगळ्यांत जड जाते. "इथे बसून काय करायचे, तेवढ्यात खुलताबाद करून येऊ" असे कुणीतरी म्हणतेच. त्याला बसवून ठेवावे.

आता कैलास.

आत जाण्याआधी एक कल्पना मनात पक्की करायला हवी, नाहीतर डोळ्यांना फक्त एक मोठे जुने देऊळ दिसते. देऊळ बांधायचे म्हणजे पाया खणायचा, दगडावर दगड ठेवत वर जायचे आणि शेवटी कळस चढवायचा. इथे सगळा क्रम उलटा आहे. डोंगराच्या उतारावर वरून तीन बाजूंनी खोल चर खणले. मध्ये दगडाचा एक अजस्र ठोकळा सुटा राहिला, सुमारे २०० फूट लांब आणि १०० फूट रुंद. मग त्या ठोकळ्यात वरून खाली कोरत यायला सुरुवात केली. आधी कळस, मग शिखर, मग सभामंडपाचे छप्पर, मग भिंती, आणि सगळ्यांत शेवटी आपण ज्यावर उभे राहतो ती जमीन. आजचे अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा १०० फुटांहून उंच. हा सगळा रिकामा भाग एके काळी दगडाने भरलेला होता. काढून टाकलेल्या दगडाचा अंदाज दीड-दोन लाख टनांच्या घरात सांगतात.

या उलट्या क्रमाचा एक फायदा होता. परात-पहाड लागत नव्हती. कारागीर ज्या दगडावर उभा होता तो त्याचा मचाण, आणि काम जसजसे उतरेल तसतसा मचाणही उतरत जाई. तोटा मात्र भयंकर. बांधकामात एखादा दगड बिघडला तर बदलता येतो. इथे शिखरावरच्या मूर्तीचे नाक तुटले तर दुसरा दगड नाही. आणि शिखर कोरणाऱ्याला खाली ऐंशी-नव्वद फुटांवर हत्ती कुठे येणार, जिना कुठून निघणार, पूल कुठे राखायचा हे त्याच दिवशी ठाऊक असावे लागते, कारण जिथे पुढे काही हवे आहे तिथला दगड काढायचा नाही. नंदीमंडप आणि मुख्य देऊळ यांना जोडणारा दगडी पूल बघा. तो नंतर टाकलेला नाही, खोदताना तेवढा दगड ठेवून दिलेला आहे.

मराठीत या उलट्या कामाची एक सुरेख कथा आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू' या ग्रंथात ती येते. एक राजा आजारी पडला. राणीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधून कळस चढायचा म्हणजे वर्षे लागणार, राणी तोवर जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कामाला हात घातला आणि आठवडाभरात राणीला कळस दाखवला. इतिहास म्हणून ही कथा घेता येत नाही. पण पैठण-वेरूळच्या मुलखातल्या माणसांना हे देऊळ वरून खाली आले आहे हे पक्के ठाऊक होते, याची ती खूण आहे.

इतिहासाच्या बाजूने कैलासाचे श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला दिले जाते. दंतिदुर्गानंतर, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो गादीवर होता. गुजरातच्या शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा एक ताम्रपट बडोद्याला मिळाला आहे. कृष्णराजाने एलापुरास उभारलेले देऊळ पाहून आकाशातून जाणारे देव थक्क झाले, आणि ते घडवणाऱ्या शिल्पीलाही आपल्या हातून हे कसे घडले याचे नवल वाटले, असे त्यात म्हटले आहे. देवांचे सोडून द्या, शिल्पीबद्दलची गोष्ट मात्र मला पटते. आराखडा कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराच्या वळणाचा आहे. ते देऊळ रचलेले आहे, हे कोरलेले. सकाळी दहाव्या लेण्यात लाकडी वाशांची दगडी नक्कल बघितली होती, इथे बांधलेल्या देवळाची दगडी प्रतिमा आहे. भोवतालच्या ओवऱ्यांतले काम पुढच्या काळातही चालू राहिले, असे अभ्यासक मानतात.

आत गेल्यावर कसे बघावे? घाईने गाभाऱ्याकडे जाऊ नका. प्रवेशाच्या पडभिंतीतून आत गेलात की समोर गजलक्ष्मी आहे. तिथून डावीकडे वळून अंगणात या. एक सुटा उंच स्तंभ आणि एक दगडी हत्ती उत्तरेला, तसाच जोड दक्षिणेला. देवळाचे जोते माणसाच्या उंचीच्या चार-पाच पट आहे आणि ते हत्तींनी पाठीवर तोललेले आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. या उत्तरेच्या अंगाला भिंतीवर महाभारतातले प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहेत, दक्षिणेच्या अंगाला रामायणातले. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना गोष्टी ओळखायला लावाव्यात, अर्धा तास कसा जातो कळत नाही. दक्षिणेकडेच, जोत्याच्या खोबणीत, रावण कैलास पर्वत हलवतो आहे ते शिल्प आहे. वर घाबरलेली पार्वती शिवाला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे, शिव मात्र स्वस्थ आहे. याच्यापुढे पाच मिनिटे थांबावे. मागे तीन बाजूंच्या कड्यात खोदलेल्या ओवऱ्या आहेत, त्यांतून सावलीतच चालत देवळाला पूर्ण फेरी घालता येते.

आता गाडीत बसून राहणाऱ्या आजींसाठी खास. आतापर्यंत जे सांगितले, गजलक्ष्मी, हत्ती, रामायण-महाभारत, रावण, ओवऱ्या, ते सगळे अंगणाच्या पातळीवर आहे. दारातल्या दोन-चार पायऱ्या आणि थोडी खडबडीत जमीन सोडली तर चढ नाही. हात धरायला एक माणूस आणि काठी असली की झाले. वरच्या मजल्यावर नंदी, सभामंडप आणि गाभाऱ्यातले शिवलिंग आहे. तिकडे जाणारे जिने अरुंद आणि चढे आहेत, त्यांनी तो हट्ट धरू नये. बाकीचे वर जाऊन येईपर्यंत ओवरीत बसून त्यांनी शिखरावर उतरणारे ऊन बघावे. वर जाणाऱ्यांनी सभामंडपाच्या छताकडे लक्ष द्यावे. एके काळी या देवळाला चुन्याचा गिलावा आणि रंग होता, रंगमहाल हे त्याचे जुने नाव त्यावरूनच पडले. चित्रांचे अवशेष छतावर अजून दिसतात. चपला खाली काढाव्या लागतात, म्हणून खिशात मोज्यांचा एक जोड ठेवावा. तापलेल्या दगडावर त्याची किंमत कळते.

डोंगराच्या अंगाने वर जाऊन कड्यावरून कैलास खाली बघता येतो. ती वाट उघडी असेल आणि पाय धड असतील तर साडेचार-पाचला वर जावे. शिखराचा माथा आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतो, आणि कोकसाने काम कुठून सुरू केले असेल ते एका नजरेत कळते. कठड्याच्या पलीकडे जाऊन छायाचित्रे काढण्याचे धाडस कुणी करू नये. खाली १०० फूट आहेत.

घृष्णेश्वर या दिवसात कुठे बसवायचा? घरात देवाधर्माचे माणूस असेल तर त्याला वगळता येणार नाही, आणि वगळूही नये. बारा ज्योतिर्लिंगांतले हे बारावे, आणि लेण्यांपासून अगदी जवळ. मालोजीराजे भोसल्यांचे गाव वेरूळच, त्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला होता. आजचे लाल दगडातले देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले. दर्शन सकाळी, शहरातून येताच, लेण्यांच्या आधी घ्यावे. सातच्या सुमाराची रांग आणि अकराची रांग यांत फार अंतर असते. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, एवढे ध्यानात असू द्या. दर्शन सकाळी आटोपले की वयस्क मंडळींचे मन निवांत होते आणि मग ती लेण्यांकडे आनंदाने बघतात. हे दुपारी ठेवले तर कैलासात उभे असतानाही त्यांचे चित्त रांगेतच असते.

ज्यांच्याबरोबर खरोखरच वयस्क माणूस आहे त्यांनी वरच्या आखणीतून बारावे, पंधरावे आणि इंद्रसभेचा वरचा मजला सरळ काढून टाकावा. दर्शन, दहावे लेणे, लांब विश्रांती आणि कैलास. चार गोष्टी. तरुणांना बाराव्या लेण्यात जायचे असेल तर आळीपाळीने जावे.

शाळांच्या सहलींचा प्रश्न जरा वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत एसटीच्या गाड्या भरून मुले येतात, आणि सहा ठिकाणांची यादी तिथेही असते, कारण वर्गणी दिलेल्या पालकांना यादी लांब हवी असते. परिणामी पाऊणशे मुले कैलासातून रांगेने जातात, शिक्षक डोकी मोजतात आणि बाहेर येतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, तेव्हा खर्चाचा प्रश्नही इथे फारसा येत नाही. दोनच ठिकाणे ठेवून मुलांना एक-एक शिल्प शोधायला दिले, तर तीच सहल त्यांना वीस वर्षांनीही आठवेल.

किरकोळ गोष्टी राहिल्या. मोठ्यांना तिकीट ४० रुपये, ते आधी घरबसल्याही काढता येते. वाटाड्या घ्यायचा तर दारातच ओळखपत्र बघून, किती वेळ आणि किती पैसे हे ठरवून घ्यावा, आणि त्याला "कैलास दुपारी" हे आधीच सांगून ठेवावे. पाणी भरपूर, टोपी, बॅटरी, जुने पण घट्ट बसणारे पायताण. खाण्याच्या पिशव्या उघड्यावर धरू नयेत, माकडांची नजर तीक्ष्ण असते. स्वच्छतागृह दाराजवळ आहे, आत दूरवर गेल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही.

परतीला साडेपाच-सहाला निघालात की घाट उतरून दौलताबादजवळ जुन्या दरवाजापाशी वाहने खोळंबतात, रविवारी तर अर्धा-अर्धा तास. शेवटची एसटी किती वाजता हे सकाळीच उतरल्यावर विचारून घ्यावे. दिवस ऑक्टोबरचे असतील तर याच रस्त्यावर दौलताबादची सीताफळे टोपल्यांनी विकायला बसलेली असतात, हिवाळ्यात पेरू. गाडी थांबलेलीच असते, तेव्हा उतरून घेऊन यावीत.